कोळंबी चिवट, वांगं पाणचट, रस्सा वासाचा: मसाला वाढवण्याआधी हे तपासा

मासळीत भाजी घालणं नागपूरच्या घरांना नवीन नाही. झिंगे-वांगी, सुकट-वांगी, रोहूच्या रश्श्यात मुनग्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, अंबाडीतले झिंगे हे सगळं आपल्याकडे होतंच. आता फ्रोजन कोळंबीची पाकिटं चौकातल्या दुकानातही मिळतात, त्यामुळे कोळंबी-दोडकं, कोळंबी-फुलकोबी असेही प्रकार रविवारी होऊ लागलेत. तक्रारी मात्र फिरून फिरून त्याच येतात. कोळंबी चिवट झाली. भाजीला इतकं पाणी सुटलं की सुकं करायला घेतलेलं पातळ झालं. रोहूचे तुकडे रश्श्यात विरघळले, ताटात नुसते काटे आले. आणि सगळ्यांत मोठी तक्रार, वास.

सावजीची सवय असलेलं आपलं गाव अशा वेळी एकच औषध काढतं, अजून मसाला. त्याने वास दबतो, पाणी थोडं दाट दिसतं, तिखटाने नाक वाहायला लागलं की बाकीचं कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा बिघाड मसाल्यात नसतोच. कढईत नको तेवढं पाणी आलेलं असतं, किंवा वेगवेगळ्या वेळात शिजणाऱ्या गोष्टी एकदम शिजायला पडलेल्या असतात. या दोन गोष्टी सांभाळल्या तर घरातला रोजचाच मसाला पुरतो, उलट थोडा कमीच लागतो.

पिशवीत नेमकं काय आलं?

कुठल्याही बाजूला निघालं तरी नागपूरहून समुद्र पाचशे किलोमीटरांपेक्षा लांब आहे. म्हणून इथे मिळणारी मासळी ढोबळमानाने तीन प्रकारची. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतली किंवा आसपासच्या धरणांतली गोड्या पाण्यातली, म्हणजे रोहू, कतला, मरळ, शिंगाडा, बारीक झिंगे. आंध्रातल्या तळ्यांमधून बर्फात भरून येणारे रोहू-कतला आणि वेनामी कोळंबी. आणि समुद्रातली, म्हणजे सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील. यातली काही बर्फात येते, काही कोल्ड स्टोरेजमधून. तिघींचे बिघाड वेगळे, म्हणून इलाजही वेगळे. एकीचा उपाय दुसरीवर चालवला तर काम बिघडतं.

मंगळवारीत किंवा भोईपुऱ्यात मासळी घेताना “ताजं आहे ना?” हा प्रश्न वाया जातो. त्याचं उत्तर एकच असतं. त्याऐवजी विचारा, “मावशी, हे बर्फातलं की कोल्ड स्टोरेजचं? आज कुठून आलं?” खोटं सांगायचं कारण नसल्याने बहुधा खरं सांगतात. जूनमध्ये कुणी मोठ्या सुरमईला “कालच समुद्रातून निघाली” म्हणत असेल तर हसून पुढे व्हा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत इथवर पोचणारा समुद्रातला मोठा मासा बराचसा साठवणीतला. साठवणीतला म्हणजे वाईट असं नाही, पण तो शिजवायची रीत वेगळी.

ओळखायच्या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात: डोळा फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा भरून येतो. कोळंबीचं थोडं वेगळं. डोकं सैल होऊन लोंबत असेल तर ती नको. डोक्यावर किंवा पायांशी काळे डाग दिसले तर लगेच नाक मुरडू नका. कापलेलं सफरचंद ज्या प्रकारच्या क्रियेने काळं पडतं, तसेच ते डाग असतात. वास चांगला असेल आणि अंग घट्ट असेल तर कोळंबी खाता येते. फ्रोजन पाकीट घेताना ते हलवून बघा. कोळंबी सुटी वाजली तर ठीक. सगळी एका ढेकळात गोठली असेल, पाकिटात बर्फाचा भुगा साचला असेल, तर ते मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलंय. मे महिन्यात दुपारी लाइट गेले की लहान दुकानांतल्या फ्रीजरमध्ये हेच होतं.

आणि मासळी सगळ्यांत शेवटी घ्या. आधी मासे, मग कॉटन मार्केटला भाजी, मग वाटेत तर्री-पोहे, आणि तोवर पिशवी गाडीच्या हुकाला, असं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात केलं तर पुढचा कुठलाच इलाज लागू पडत नाही. विक्रेत्याकडून मूठभर बर्फ मागून घ्या. देतात.

वास: आधी कुठला ते ठरवा

वासाची तक्रार एक वाटली तरी वास दोन आहेत. कच्चा तुकडा नाकाशी धरला की फरक कळतो.

पहिला मातीचा, चिखलाचा, पहिल्या पावसाच्या जमिनीचा. हा गोड्या पाण्यातल्या माशाचा, खास करून रोहू-कतल्याचा. पावसाच्या वासामागे जो पदार्थ असतो, जिओस्मिन, तोच इथेही असतो. तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि गाळातल्या सूक्ष्मजीवांतून तो पाण्यात येतो आणि माशाच्या चरबीत साठतो. माणसाचं नाक त्याला भलतंच तिखट: लिटरभर पाण्यात ग्रॅमचे अब्जावे दहा-पंधरा भाग असले तरी कळतो. उन्हाळ्यात तळी आटतात, पाणी तापतं, शेवाळ माजतं, म्हणून एप्रिल-मेमधल्या रोहूला हा वास जास्त. मासा शिळा आहे असा याचा अर्थ नाही. अगदी जिवंत आणलेल्या माशालाही तो येतो.

दुसरा वास “मासळीचा”, उग्र, नाकात चढणारा. हा समुद्रातल्या माशांचा. खाऱ्या पाण्यात तगण्यासाठी त्यांच्या अंगात एक पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाईन करतात आणि तो उडून नाकात येतो. जितका वेळ गेला, जितकं ऊन लागलं, तितका जास्त.

दोन्हींना आंबट लागू पडतं, पण कारणं वेगळी. मातीचा वास देणारं जिओस्मिन आंबटात टिकत नाही, हळूहळू मोडतं. समुद्री वास आंबटाने बांधला जातो आणि उडायचा थांबतो. म्हणून कोकणात कोकम, आंध्रात चिंच. आपल्याकडे लिंबू आहे, चिंच आहे, मे महिन्यात कैरी आहे आणि पावसाळ्यात अंबाडी. अंबाडीत झिंगे घालायची कल्पना ज्या कुणाला सुचली तिला हे रसायन ठाऊक नसणार, पण जीभ नक्की तयार होती.

रोहूसाठी रीत अशी. पोटाकडची चरबी आणि आतली काळी पातळ साल काढून टाका. तुकड्यात कातड्याला लागून जो गडद तांबूस पट्टा दिसतो, तो वास फार असेल तर सुरीने काढा. कातडं काढायची गरज सहसा पडत नाही, आणि काढलं तर तुकडा फुटतो. मग किलोला दोन मोठे चमचे मीठ आणि दोन लिंबांचा रस चोळून वीस मिनिटं ठेवा. जे पाणी सुटेल ते फेका. इथेच बरेच जण गडबड करतात. लिंबू-मीठ-हळद लावलेला मासा त्या सुटलेल्या पाण्यासकट कढईत ओततात. जे काढण्यासाठी खटाटोप केला तेच परत रश्श्यात! पाणी ओता, तुकडे एकदा भराभर धुवा, फडक्याने कोरडे करा, मगच पुढचा मसाला.

हळदीबद्दल एक. हळद वास झाकते, काढत नाही. वायगावची असली तर रंग सुरेख येतो, स्वाद येतो, लावाच. पण मीठ आणि आंबट वगळून नुसती हळद लावली तर मातीचा वास हळदीच्या वासाखाली दबून राहतो आणि दुसऱ्या घासाला वर येतो.

तिसरा एक वास आहे, अमोनियाचा, सार्वजनिक मुतारीसारखा, डोळ्यांना झोंबणारा. तो आला तर मासळी टाकून द्या. कुठल्याही मसाल्याने ती खाण्यालायक होत नाही. आणि बांगडा, सुरमई, टूना या जातीत धोका वासाशिवायही असू शकतो. हे मासे काही वेळ गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून, फ्रीजरमध्ये ठेवून, कशानेही जात नाही. घास घेतल्यावर जिभेला मिरीसारखं चुरचुरलं, थोड्या वेळात चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं, तर तिखट जास्त झालं म्हणून सोडून देऊ नका. खाणं थांबवा. श्वासाला त्रास वाटला तर डॉक्टरांकडे.

पाणी: खरी गोम इथे आहे

अर्धा किलोचं कोळंबीचं पाकीट वितळवून, पाणी निथळून एकदा वजन करून बघा. कोळंबी गोठवताना तिच्यावर बर्फाचा पातळ थर देतात, ती वाळू नये म्हणून. काही ठिकाणी ती फॉस्फेटच्या पाण्यातही बुडवतात, त्याने ती पाणी धरून ठेवते आणि टपोरी दिसते. अशी कोळंबी हाताला जरा जास्तच गुळगुळीत, काचेसारखी लागते, आणि तव्यावर पडताच पांढरट फेसाळ पाणी सोडते. म्हणजे तुम्ही कढईत नकळत वाटीभर पाणी ओतलेलं असतं.

पाणी असेपर्यंत कढईचा तळ शंभर अंशांच्या वर फारसा जात नाही. मसाला खरपूस व्हायला, कोळंबीला बाहेरून रंग धरायला त्याच्या बऱ्याच वरची आच लागते. मग काय होतं? आपण पाणी आटायची वाट बघत बसतो, कोळंबी आत उकळत राहते, आणि पाणी आटेपर्यंत तिचं रबर झालेलं असतं. चिवट कोळंबी आणि पाणचट भाजी या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच.

वितळवायची रीत: आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भांड्यात ठेवून. घाई असेल तर पाकीट बंदच ठेवून, किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून, थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास. गरम पाणी नको, बाहेरचं कातडं शिजतं आणि आत बर्फ राहतो. ओट्यावर तर अजिबात नको. नागपूरच्या ओट्यावर उन्हाळ्यात दोन तास म्हणजे जिवाणूंची पंगतच. वितळल्यावर पाठीतला काळा धागा काढा, तो किरकिरा आणि कडू लागतो. मग चाळणीत निथळा, सुती फडक्यावर पसरा, वरून दुसरं फडकं दाबा. एवढ्या एका कामाने निम्मी तक्रार मिटते, आणि नेमकं हेच काम सगळे टाळतात. पंख्याखाली दहा मिनिटं ठेवून चालत नाही, दाबावंच लागतं.

तळताना कढई जाड बुडाची, लोखंडी असेल तर उत्तम, आणि खूप तापलेली. पाव किलोपेक्षा जास्त कोळंबी एका वेळी घालू नका. एकमेकींना चिकटून पडल्या की पुन्हा पाणी. मध्यम आकाराच्या कोळंबीला एका बाजूला मिनिट-सव्वा मिनिट, उलटून तेवढंच. बारीक झिंग्यांना एकूण दोन मिनिटं पुष्कळ. रंगावर विसंबू नका. करडी कोळंबी केशरी होते कारण तिच्यातला केशरी रंग एका प्रथिनात अडकलेला असतो आणि आच लागताच मोकळा होतो. पण हा बदल बाहेरून आधी होतो, आत अजून कच्चं असू शकतं. आकार बघा. इंग्रजी ‘सी’सारखी वळली की झाली. ‘ओ’सारखी गोल होऊन शेपूट डोक्याला टेकली की वेळ गेली. काढून ताटात ठेवा. ती शेवटी परत येणार आहे, तेव्हा आणखी थोडी शिजेलच.

आता भाजी. दोडकं, लौकी, कोहळं यांत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. ते सुटणारच, प्रश्न एवढाच की कधी सुटावं. सुकी कोळंबी-दोडकं करायचं असेल तर दोडक्यात मीठ सुरुवातीलाच घाला, झाकण ठेवू नका, मोठ्या आचेवर त्याचं पाणी सुटू द्या आणि आटूही द्या. कडेने तेल दिसलं की मगच कोळंबी. मीठ शेवटी घातलं तर गंमत होते. कढईत सगळं छान सुकं दिसतं, आणि ताटात वाढेपर्यंत खाली तळं साचतं.

वांग्याची गोष्ट निराळी. ते आधी तेल पितं, पोटभर पितं, आणि आतली पोकळी कोसळली की सगळं ओकतं. त्यामुळे शिजताना कोरडं वाटतं म्हणून आणखी तेल घालायचा मोह होतो. आवरा. वांग्याच्या फोडींना मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, हलकेच पिळा आणि वेगळ्या तळून घ्या. झिंगे-वांगी एकत्र शिजवायची आईची रीत असेल तर ती मोडायला सांगत नाही, पण ती रीत बारीक झिंग्यांची आणि लहान काटेरी वांग्यांची आहे. मोठी वेनामी कोळंबी आणि भरताचं वांगं घेऊन तीच रीत चालवली तर हाती लापशी येते.

कोण आधी, कोण नंतर

इथे एक पेच आहे आणि तो कळला की बऱ्याच गोष्टी सुटतात. मासळीला आंबट आधी हवं. भाजीला आंबट नंतर हवं. भाजीचा तुकडा मऊ होतो तो तिच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं म्हणून, आणि आंबटात ते लवकर सुटत नाही. म्हणूनच चिंचेच्या रश्श्यात टाकलेले आलू तासभर उकळूनही आतून कचकच लागतात. मग आपण रस्सा आणखी उकळतो, आणि तोवर त्यातला रोहू गेलेला असतो.

तेव्हा मासळीचं आंबट वेगळं लावा, धुऊन टाका. रश्श्यातलं आंबट भाजी शिजल्यावर घाला. क्रम असा बसतो: मसाला परतून तेल सुटेपर्यंत, मग भाजी आणि गरम पाणी, भाजी शिजली की चिंच किंवा भेदरं (टोमॅटो), एक उकळी, आणि शेवटी मासळी. भेदरं मात्र परतण्यातच घालायची सवय असेल तर ती पूर्ण गळू द्या आणि आलू-शेंगा आधी वेगळ्या उकडून घ्या.

वेळा ढोबळ सांगतो, आच आणि भांडं पाहून मागे-पुढे करा. मुनग्याच्या शेंगा आणि आलूला बारा ते पंधरा मिनिटं. वांग्याला सहा ते आठ. फुलकोबीला पाच-सहा. वालाच्या शेंगा मुनग्याइतक्याच हट्टी, त्यांना दहा तरी द्या. अंबाडीचा पाला आधी उकडून, पाणी थोडं काढून, घोटून घ्या, नाहीतर आंबटपणा झिंग्यांवर चढतो. रोहूचा इंचभर जाड तुकडा मंद उकळीवर सहा ते आठ मिनिटांत होतो. तळलेली कोळंबी शेवटी फक्त मिनिटभर.

रस्सा काळपट झाला आणि जिभेला लोखंडी चव आली, तर तक्रार मसाल्याची नाही. लोखंडी कढईत चिंच उकळली गेली. तळा लोखंडात, रस्सा करा स्टीलच्या पातेल्यात.

तुकडे फुटतात

माशाच्या मांसाला बांधून ठेवणारा धागा बकऱ्याच्या मटणातल्यापेक्षा फार नाजूक असतो आणि थोड्या उष्णतेतच सुटतो. मटणासारखं “अजून थोडं शिजू दे” माशाला चालत नाही. तरी सवय सुटत नाही.

मीठ लावून ठेवायचं तर वर झालंच, त्याने तुकडा घट्टही होतो. त्यानंतर तुकडे गरम तेलात दोन्ही बाजूंनी नुसते आवळून घ्या. पूर्ण तळायचे नाहीत, वरचा थर बसला की काढायचे. तव्याला चिकटत असतील तर तवा पुरता तापला नाही किंवा तुकडा ओला होता. चिकटलेला तुकडा उलथण्याने ओढू नका, अर्धं मिनिट थांबा, कडा तपकिरी झाल्या की तो आपणच सुटतो. रस्सा पसरट भांड्यात करा, म्हणजे तुकडे एकावर एक येत नाहीत. तुकडे सोडल्यावर चमचा बाजूला ठेवा आणि हलवायचंच झालं तर पातेलं कानांनी धरून गोल हलवा. उकळी खळखळती नको. गॅस बंद केल्यावर झाकून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मीठ-आंबट आत जातं ते याच वेळात.

एवढं करूनही सुरमईचा चुरा होत असेल तर तो तुमच्या हातचा दोष नाही. ती वितळून पुन्हा गोठलेली होती. सावकाश गोठताना मोठे बर्फकण तयार होतात आणि मांस आतून फाडतात. अशा माशाचा रस्सा करूच नका. वाफवून काटे काढा, कांदा-लसूण-सांबार (कोथिंबीर) घालून भुर्जी करा. उत्तम लागते.

आणि मसाला

सावजी मसाला मासळीत घालू नये असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण तो मटणाचा मसाला आहे. भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल, मिरी या सगळ्याला मुरायला वेळ लागतो आणि मटण तो वेळ देतं. मासा देत नाही. म्हणून मासळीसाठी मसाला आधीच, एकटा, मंद आचेवर पूर्ण शिजवून घ्या. तेल वर आलं, कच्चा वास गेला, मग पुढचं. मटणाला घालता त्याच्या निम्माच घ्या. तिखटाला भिवापुरी मिरची असेल तर रंगासाठी दुसरं काही लागत नाही. रस्सा कडू झाला तर बहुधा लसूण करपला किंवा खसखस जास्त भाजली गेली. तो दोष साखरेने जात नाही, फक्त विचित्र होतो.

बिघडलंच तर

रस्सा पातळ झाला: कोळंबी किंवा मासा झाऱ्याने काढून ताटात घ्या, रस्सा एकटा आटवा, मग परत सोडा. त्यांच्यासकट आटवू नका. वेळ नसेल तर भाजलेल्या जवसाची पूड चमचाभर घाला, ती पाणी धरते. दोन चमचे घातले तर बुळबुळीत होतो, म्हणून एकावर थांबा.

कोळंबी चिवट झाली: ती परत मऊ होत नाही. कुणी सांगेल की आणखी अर्धा तास शिजवा. तसं करू नका. बारीक चिरून बेसनात, कांदा आणि हिरवी मिरची घालून भजी तळा. पाहुण्यांना काही कळत नाही.

खारट झालं: सुकट घातली होती का? सुकट आणि सोडे आधीच खारे असतात, आणि नागपुरात बरेचदा तेच सगळ्यांत भरवशाचं “समुद्रातलं” असतं. कोरड्या तव्यावर मंद भाजा, हाताने चोळून मिशा-डोकी पाखडा, दोन पाण्यांतून भराभर धुवा म्हणजे रेती खाली बसते. भाजीत मीठ सुकट घालून चव घेतल्यावरच घाला. निम्मी सुकट भाजीबरोबर, निम्मी शेवटी कुरकुरीत वरून. उन्हाळ्यात ताज्या मासळीचा भरवसा नसतो तेव्हा सुकट-वांगी आणि ज्वारीची भाकर हे फ्रोजन पाकिटापेक्षा केव्हाही बरं.

उरलं तर: उन्हाळ्यात शिजवल्यापासून तासाभरात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. इतर वेळी फार तर दोन तास. पातेलं मोठं असेल तर पसरट डब्यात काढा, लवकर गार होतं. आणि डब्यात घालून दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. शेजारच्या टेबलावरची मंडळी सोमवारभर बोलणार नाहीत. घरी गरम करताना तुकडे बाजूला काढा, रस्सा खळखळून उकळा, गॅस अगदी बारीक करून तुकडे सोडा आणि झाकण ठेवा. मधला तुकडा मोडून तो आतपर्यंत कडकडीत, वाफाळता दिसला की उतरवा. आणि एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, जेवढं खाणार तेवढंच काढा.